विश्रांतीचा आकडा

माणूस नुसता पडून असताना त्याचं शरीर किती कॅलरी जाळतं, ते मोजायचं मशीन मी चालवते. पेशंटने अर्धा तास शांत पडून राहायचं, एवढंच काम.

आजची बाई आडवी झाली, तसा तिचा नवरा खुर्ची ओढून उशाशीच बसला.

"हिला काय अवघड आहे? घरी पडूनच असते. खायला काळ आणि भुईला भार! एकदा आकडा कळू दे, मग हिच्या ताटात किती वाढायचं ते मीच बघतो."

ती डोळे मिटून पडून होती. पडद्यावरचा आकडा मात्र त्याच्या प्रत्येक वाक्याला चढत होता.

"मशीन बिघडलंय तुमचं!" तो माझ्यावर खेकसला.

मी त्याला बाहेर काढलं, दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा मुकाट खाली आला.

रिपोर्ट बघून तो पुन्हा तडकला. "पहिला आकडा का खोडलात? कारण लिहून द्या, सही-शिक्क्यासकट!"

दिलं लिहून.

 

"पहिलं मोजमाप रद्द. कारण : पती खोलीत होते."