निफाडचं तापमान

मुलगी बघायला गेलेल्या तुषारने चांगलाच भाव खाल्ला. "मी तर फोटोसुद्धा नीट बघितला नाही, आईने सांगितलं म्हणून आलो," असं पोहे खाताखाता सगळ्यांदेखत म्हणाला.

मोठ्यांनी दोघांना बोलायला खाली पाठवलं, तेव्हा त्याने निकिताला आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीत बसवलं. "गाडीतच ब्राउझर आहे, मोबाईलची गरजच नाही. काहीही शोधून बघा."

निकिताच्या वडिलांची निफाडला द्राक्षबाग होती आणि थंडी कडाक्याची पडली होती. तिने रोजच्या सवयीने निफाडचं तापमान बघायला नुसतं 'नि' लिहिलं, तर पुढचं गाडीनेच भरलं: निकिता बोरस्ते फोटो. निकिता बोरस्ते आणखी फोटो. निकिता बोरस्ते लग्न ठरलं का.

तुषारला भर डिसेंबरात घाम फुटला. निकिताने एकेक ओळ पुसली, शेवटची तेवढी ठेवली.

"ती राहिली," तो पुटपुटला.

"राहू द्या. आता बाबांना एक चक्कर मारून आणा. गाडीत बसले की तेही आधी निफाडचं तापमानच बघतील."