बाबांचं माप

शिकलगार चाचांनी पेटी उघडली आणि एअर रायफल माझ्यापुढे ठेवली. खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, खास बाबांच्या मापाचा. दुकानात तयार रायफली टांगलेल्या असताना बाबा याच्यासाठी वर्षभर थांबले. तयार दस्ता म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, असं नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना ऐकवायचे. दस्ता तयार झाला, पण महिन्यापूर्वी बाबाच गेले.

मी रायफल नको म्हणून सांगायला आले होते. "दुसऱ्या कुणाला तरी विकून टाका, चाचा."

"ही कुणालाच बसायची नाही, ताई." चाचा जरा घुटमळले. "खरं सांगू? साहेबांनाही बसली नसती."

"म्हणजे?"

"माप घेताना पोट आत, छाती पुढं, मान ताठ. म्हटलं, साहेब, सैल उभे राहा. तर म्हणाले, मी नेहमी असाच उभा असतो."

वर्तमानपत्रावर पोक काढून बसलेले, पोटावर चहाची बशी टेकवणारे बाबा मला दिसले. मला हसू आवरेना. मग चाचाही हसले.

मी रायफल उचलून खांद्याला लावली. दस्ता लांब, गाल टेकवायची जागा उंच. नेम धरायची माशी काही दिसेना. मग मी पोट आत घेतलं, छाती काढली, मान ताठ केली. माशी बरोबर डोळ्यासमोर आली.

"बसली की," चाचा म्हणाले.

"श्वास सोडेपर्यंत," मी म्हणाले. "बांधून द्या."