मॅच नसलेला शनिवार

वडिलांच्या आयोवातल्या मक्याच्या जमिनीवरून बिनसल्यापासून ऑर्विल आणि त्याचा धाकटा भाऊ लाइल वर्षातून एकदाच भेटत, दोघांच्या जुन्या कॉलेजांची एकमेकांशी फुटबॉलची मॅच असे तेव्हा. जमिनीचं नाव कुणी काढत नसे. "तुमची पोरं खेळतात की गवत उपटतात?" असल्या टोमण्यांत दुपार सरे.

यंदा लाइलचं कॉलेज बड्या लीगमध्ये गेलं. ऑर्विलच्या छोट्या कॉलेजशी खेळणं त्यांनी बंद केलं, तसं मॅचच्या दिवशी ऑर्विलच्या कॉलेजचं मैदान ओसच पडलं. त्या शनिवारी ऑर्विलनं न राहवून फोन लावला.

"आज मॅच नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे, दादा."

टोमणे मारायला मॅच नव्हती, आणि जमिनीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

"बरं," लाइल हळूच म्हणाला, "ठेवू मग?"