सकाळचं दूध

“गोळी दुधाबरोबर घेता, काका?” निवेदितानं लॅपटॉपवरून मान वर केली.

मोरेश्वररावांनी होकारार्थी मान हलवली. ते ओट्याला धरून उभे होते, कारण बसलं की पाठ दुखत होती, आणि उभं राहिलं की जरा कमी दुखत होती. मग कशाबरोबर घ्यायची, असा त्यांचा चेहरा एरवी झाला असता. पण पार्किन्सननं चेहऱ्याची हालचाल केव्हाच काढून घेतली होती. हसू असो की राग, आता सगळ्याला एकच कोरा चेहरा.

निवेदिता ही दर तीन महिन्यांनी घरी येणारी नर्स. सांगलीची मुलगी, इथे परदेशात शिकायला आली आणि इथलीच झाली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावून सांगितलं. ही गोळी आणि दुधातली प्रथिनं शरीरात एकाच दारानं शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. सकाळची गोळी लागूच पडत नाही, अंग दुपारपर्यंत लाकूड होऊन राहतं आणि सगळा ताण पाठीवर येतो. दोन एक्स-रे झाले होते, फिजिओ झाला होता, शेकायच्या पिशव्या झाल्या होत्या. दोष निघाला दुधाचा. आपल्याकडे गोळी दुधाबरोबरच घ्यायची असते, नुसत्या पाण्यानं ती पोटाला बाधते. हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं ते आजवर कुणालाही ठाऊक नाही.

उपाय सोपा होता. गोळ्यांचा एक डबा मिळतो. वेळ झाली की आपोआप वाजतो, आपोआप उघडतो. शेजारी नळीची पाण्याची बाटली ठेवायची. कुणाला हाक मारायला नको. दूध तासाभरानं खुशाल प्या, निवेदिता म्हणाली, तोवर गोळी चढलेली असेल, स्वतःचा ग्लास स्वतःच धराल.

मोरेश्वररावांनी मनात हिशेब केला. तासाभरानं सुयश ट्रेनमध्ये असतो.

सुयश त्यांचा एकुलता एक मुलगा. विमलताई गेल्यावर त्यानंच त्यांना पुण्याहून इतक्या दूर या परदेशी उपनगरात, पापाटोएटोला आणलं. सून सलोनी पहाटेच विमानतळावर कामाला जाते आणि सुयश सव्वासातची ट्रेन धरून शहरात. मग दिवसभर ते घर आणि मोरेश्वरराव. संध्याकाळी दोघं येतात ती दमून, लॅपटॉपसकट. शेजारी चांगले आहेत, कुंपणापलीकडून ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करतात. पण मोरेश्वररावांचा आवाज आता कुंपणापर्यंत पोचत नाही, आणि उत्तर न देणाऱ्या म्हाताऱ्याला माणसं किती दिवस हाका मारणार?

सकाळी मात्र सुयश दूध घेऊन येई. पलंगाच्या कडेला बसे, गोळी त्यांच्या जिभेवर ठेवी आणि ग्लास धरलेल्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवी. घोट सावकाश उतरत, दहा मिनिटं लागत. पहिले काही दिवस तो दुसऱ्या हातानं फोन बघत बसे. मग बोलायला लागला. ऑफिसचं, सलोनीशी झालेल्या कुरबुरीचं. एकदा म्हणाला, लहानपणी तुमच्या स्कूटरचा आवाज आला की मी घाईघाईनं पुस्तक उघडायचो. मोरेश्वररावांनी या मुलाला आयुष्यात हात लावला तो बहुतेक कान पिळायलाच. आता रोज त्याचा तळवा त्यांच्या हातावर असे. ते दूध जमेल तितकं हळू पीत.

पाठ दुखली तर दुखू दे, असं निवेदिताला सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण कारण काय सांगायचं? ‘जवळ बस’ एवढं त्यांनी कधी विमलताईंनासुद्धा म्हटलं नव्हतं.

तोवर तिनं सुयशला फोन लावलाही होता, स्पीकरवर. तिनं त्यालाही दुधाचं सगळं सांगितलं.

“म्हणजे इतके दिवस बाबांची पाठ माझ्यामुळे दुखत होती?” सुयशनं विचारलं. “डबा आजच मागवतो.”



डबा आला. आठवड्याभरात अंग सुटलं. पंधरा दिवसांत मोरेश्वरराव शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, फाटकाजवळच्या पत्रपेटीपर्यंत जाऊन येऊ लागले. सलोनीनं त्याचे फोटो पुण्याला पाठवले. सुयशला आधीची ट्रेन मिळू लागली. सगळे खूश होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

सकाळी डबा वाजे, झाकण उघडे, गोळी पाण्याबरोबर खाली जाई. अर्ध्या मिनिटाचं काम. मग मोरेश्वरराव पडल्या पडल्या सुयशच्या पावलांचा आवाज ऐकत. स्वयंपाकघर, बाथरूम, पुन्हा स्वयंपाकघर. जाताना तो दारातून विचारी, पाठ कशी आहे? ते म्हणत, बरी आहे. “स्वीट अ‍ॅज,” तो इथल्या ढंगात, ‘झकास’ म्हणावं तसं म्हणे आणि बाहेरचं दार लागे. मग संध्याकाळपर्यंत मोरेश्वररावांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

महिना झाला. एका मंगळवारी सुयश नेहमीसारखा दारात थांबला. खांद्याला बॅग होती, एका बुटाची नाडी सुटलेली होती.

“पाठ कशी आहे, बाबा?”

पाठ त्या पहिल्या आठवड्यानंतर एकदाही दुखली नव्हती.

“दुखतेय रे,” मोरेश्वरराव म्हणाले, आणि सरकून त्यांनी पलंगावर त्याच्यापुरती जागा केली.