भिंतीतलं दार

राबियानं तिसरी कॉफी समोर ठेवली, तरी नेदिम उठेना.

पोचितेल गावात पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची मिळते, दुसरी गप्पांची, आणि तिसरी आली की पाहुण्यानं ओळखून बूट घालायचे. हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही. पण नेदिम लहानपणीच आईबापांबरोबर ऑस्ट्रियाला गेलेला. त्यानं तिसरा पेला मिटक्या मारत संपवला, "राबिया मावशी, तुमच्या हाताला चव आहे," म्हणाला आणि पेला पुन्हा पुढे केला. राबियानं कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं आणि चौथी ओतली.

तो चांगल्या मनानंच आला होता, हे तिलाही कळत होतं. शेजारचं घर त्याच्या झेयना आत्याचं. आत्या वारली, घर त्याच्याकडे आलं आणि कालच संध्याकाळी तो ते ताब्यात घ्यायला येऊन पोचला. तिथं तो प्रवाशांसाठी खोल्या काढणार होता. दोन्ही अंगणांमधल्या भिंतीत एक बुटकं दार आहे, ते आज बुजवून टाकतो, असं त्याचं म्हणणं. प्रवासी वाट चुकून तुमच्या अंगणात शिरतील, तुमच्याच डोक्याला ताप. भिंत दोघांची, म्हणून तो विचारायला आला होता. विचारायला कसला, सांगायलाच. गवंडी पलीकडे दगड आणून तयारच होता.

"बघ बाबा, तुझं घर," एवढंच राबिया म्हणाली.

नको म्हणायला तिची जीभ रेटेना. पोचितेल डोंगराच्या अंगावर वसलेलं. सुलतानाच्या अमलात वर किल्ला उठला, त्याच्या तटाखाली घरं नदीकडे उतरत गेली आणि गल्ल्या झाल्या नुसत्या पायऱ्यांच्या. पण राबियाच्या ओळीतली घरं एका पातळीवर होती. अंगणांच्या भिंती पुरुषभर उंच, आणि प्रत्येक भिंतीत एक दार, बिनकुलपाचं. गल्लीत पाऊल न टाकता बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येते. राबियाची बहीण शेमसा तिसऱ्या भिंतीपलीकडे राहायची, अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी राबिया तिला जेवण नेऊन भरवायची. राबियाच्या गुडघ्यांना आता पायऱ्या झेपत नव्हत्या. सपाटीवरून कशीबशी जायची. मधलं एक दार बंद झालं की सगळी वाट बंद. नव्वदच्या दशकातल्या लढाईत गावातून हाकललेली माणसं परत आली, तेव्हा तिनं घराला खिडक्या बसवायच्या आधी हे दार बसवून घेतलं होतं. पण हे सगळं काल आलेल्या पोरापुढे बोलून दाखवायचं म्हणजे हात पसरणं. ते तिला जमत नव्हतं, आणि जमत नाही म्हणून स्वतःचाच रागही येत होता.

मशिदीत दुपारची बांग झाली. या वेळी नेदिमच्या आणि शेमसाच्या मधल्या घरची सून शेमसाला साखर उतरवायचं इंजेक्शन टोचून जायची, आणि त्यानंतर पोटात अन्न जायलाच हवं. नेदिमचं आपलं चालूच होतं, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातली थंडी आणि तिथले शेजारी. पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही, टाकून जाताही येत नाही. शेवटी राबियाच उठली आणि तिनं शेगडीवरचं सुपाचं पातेलं उचललं.

नेदिमनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "द्या इकडे. कुठं न्यायचंय?"

"सरळ," ती म्हणाली. "दारांतून."

तो पुढे, ती भिंतीला धरत मागे. त्याच्या अंगणात गवंडी सिमेंट कालवत होता. मालकाला पातेलं घेऊन येताना बघून त्याचं फावडं थांबलं. पुढच्या अंगणात मधल्या घरची सून मिरच्या भाजत बसली होती. इंजेक्शन कधीच दिलंय, लवकर जा, असं म्हणता म्हणता ती नेदिमकडे बघतच राहिली. ती का बघत होती, ते राबियाला शेवटच्या दारापाशी उमगलं. या दारांनी बायका जातात-येतात, नाहीतर घरचे पुरुष. परका पुरुष गल्लीतून येतो, हाक देतो आणि आतली बाई डोक्यावर रुमाल घेईपर्यंत बाहेर थांबतो. त्याला थांबवायला राबियानं तोंड उघडलं, तोवर नेदिम वाकून आत गेलाही होता.

शेमसाची खोली अंगणाला लागूनच होती. तिचं डोकं उघडं होतं, पांढरे केस उशीवर पसरलेले. पुरुषाची चाहूल लागताच तिनं चाचपडत रुमाल ओढला.

"कोण आहे?"

"आपल्या झेयनाचा भाचा," राबिया मागून धापा टाकत म्हणाली.

शेमसाचा हात थांबला. तिनं रुमाल परत उशाशी ठेवला. "मग घरचाच की. बस, बाळा."

नेदिम पातेलं ठेवून कडेला बसला. राबिया भरवू लागली. थोडं सूप पोटात गेल्यावर तिनं मनाचा हिय्या केला आणि बहिणीला सांगून टाकलं, की हा आपल्या अंगणातलं दार बुजवायला आलाय, गवंडी येऊन बसलाय. परक्यादेखत गाऱ्हाणं मांडल्याची तिला लाज वाटली.

शेमसानं बहिणीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तोंडातलं गिळून झाल्यावर तिनं नेदिमकडे मान वळवली.

"मग आज मला नीट बघून घे," ती म्हणाली. "उद्या परक्यासारखा गल्लीतून येशील, तेव्हा माझ्या डोक्यावर रुमाल असेल."