शेवटच्या रांगेतले अभिप्राय

तिसरं कार्ड त्याने डाव्या हाताने भरलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण तेच हवं होतं. पहिल्या कार्डावर व्यवसायापुढे त्याने 'विद्यार्थिनी' असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'निवृत्त कारकून'. या तिसऱ्यावर 'गॅरेज' लिहिलं आणि टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

सिनेमा लागण्याआधीचा चाचणी खेळ नुकताच संपला होता. दिवे लागले होते आणि साठ-सत्तर प्रेक्षक गुडघ्यावर कार्ड ठेवून आपापलं मत लिहीत होते. जीवघेण्या विषाणूवरच्या स्वस्तातल्या भयपटाचा हा दुसरा भाग. पहिला त्याने दिग्दर्शित केला होता. दुसरा निर्मात्याने त्याला न देता त्याच्या मेव्हण्याला दिला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अकरा वर्षं त्याच्याच हाताखाली राबलेला. "या वेळी नव्या दमाचं कुणी बघू," निर्माता म्हणाला होता. मग त्याचा चेहरा पाहून पुढे म्हणाला, "कार्डं वाईट आली, तर तिसरा भाग तुमचाच."

पास मेव्हण्यानेच पाठवला होता. जमणार नाही असं कळवून तो गुपचूप आला होता.

आधी त्याने नुसतं 'भिकार' एवढंच लिहिलं. मग खोडलं. शिव्यांना निर्माता भीक घालणार नव्हता. वर्मी लागायचं तर खरं लिहायला हवं होतं. मग तो लिहीतच सुटला. नर्सचा फोडांनी भरलेला चेहरा दहाव्या मिनिटालाच दाखवला, पुढे कशाला घाबरायचं? काचेच्या दारामागे नुसता हात दिसला असता तरी पुरे होतं. डॉक्टर फळ्यासमोर चार मिनिटं विषाणू समजावत बसतो. तेवढ्यात आमच्या रांगेतले तिघे पाणी पिऊन आले. शवागारात डावीकडून तिसऱ्या प्रेताचं पोट खालीवर होतं. संगीत दर वेळी तीन सेकंद आधीच ओरडून सांगतं, की आता घाबरा. अशी चांगली तीन कार्डं भरून निघाली. ती पेटीत टाकून तो बाहेर पडला, तेव्हा कित्येक दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली होती.

दीड महिन्याने सिनेमा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको फोनवरचे प्रेक्षकांचे अभिप्राय मोठ्याने वाचू लागली.

"ऐका हं. 'पहिल्या भागात मी दोनदा झोपलो होतो. या वेळी शेजारच्याचा हात घट्ट धरून बसलो. तो माझ्या ओळखीचाही नव्हता.'"

"मोठ्याने कशाला वाचतेस?"

"माझ्या भावाचं कौतुक काय मनात वाचू? हे बघा आणखी एक. 'काचेमागचा तो हात डोळ्यांपुढून जात नाही. माझी आई आता रक्त तपासायलाही दवाखान्यात जात नाहीये.'"

त्याचा चमचा हवेतच राहिला. "काचेमागचा काय?"

"हात. आता हातातही काही खोट काढणार असाल, तर जाऊन बघून तरी या."

दुपारच्या खेळाचं तिकीट काढून तो गेला. नर्सचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही. काचेमागून एक हात आला, सावकाश घासत खाली गेला, आणि त्या वेळी संगीत मुळीच नव्हतं. इतकी शांतता पसरली, की पुढच्या रांगेतल्या माणसाने तोंडातला घास चावायचं थांबवलं. डॉक्टर फळ्यासमोर दोन वाक्यं बोलला आणि खोकला. शवागारातली प्रेतं प्रेतांसारखी निपचित पडली होती. जळून जळून लिहिलेली त्याची एकेक ओळ पडद्यावर चोख उतरली होती.

बाहेर पडताना जिन्यात दोघे जण बोलत होते.

"डोकेबाज आहे हा माणूस."

"नाहीतर तो पहिल्या भागवाला. त्याला सात जन्मांत सुचलं नसतं हे."

तो कठडा धरून उभा राहिला. हात माझा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

रविवारी मेव्हणा जेवायला आला. बहीण आत पानं वाढत होती. त्याने खिशातून तीन कार्डं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली.

"भाऊजी, ही तुमची."

"माझी कशावरून?"

"कॉलेजातली मुलगी भयपट बघायचा सोडून संगीत किती सेकंद आधी वाजलं ते मोजत बसली. आणि या गॅरेजवाल्याने अंधारात प्रेतं मोजली. डावीकडून."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको ऐकत होती.

"तिसरा भाग तुलाच मिळाला असेल," तो म्हणाला.

"काल सही केली."

त्याने कार्डं गोळा केली, एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. वर न बघता तो म्हणाला, "तुझं चांगलं व्हावं म्हणून नव्हतं लिहिलं मी."

"माहीत आहे की," मेव्हणा म्हणाला. "म्हणून तर पास पाठवला. घरी येऊन विचारलं असतं, तर 'छान झालाय' म्हणून मोकळे झाला असतात तुम्ही."