विचारलं होतं

"ताई, आज आमच्याकडे या. बाबांनाही घेऊन या," वहिनी म्हणाली.

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या ताई उभ्या होत्या, गळ्यात मापाची फीत तशीच. बाजाराच्या बाजूला धूर दिसत होता आणि मघापासून जमावाचा गलका ऐकू येत होता. ताईंच्या लोकांची घरं शोधत जमाव एकेक गल्ली पुढे सरकत होता, हे सगळ्या जिन्याला कळून चुकलं होतं. वहिनी गलका करणाऱ्यांच्या लोकांतली. तिच्या दाराला कुणी हात लावणार नव्हतं.

"नको हो, वहिनी," ताई म्हणाल्या. "उगाच तुम्हाला कशाला त्रास."

आणि दार न लावता तिथंच उभ्या राहिल्या.

आता ताईंच्या लोकांची ही रीतच. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा कुणी मनापासून म्हणालं की मग मान खाली घालून 'बरं'. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा त्यांच्यात हावरट ठरतो. वहिनीच्या लोकांचं सगळं एक घाव दोन तुकडे. हवं तर हवं म्हणा, नको तर नको. त्यामुळे ताईंचे लोक वहिनीच्या लोकांना उद्धट म्हणत आणि वहिनीचे लोक त्यांना लबाड, मनात एक ओठांवर एक. बाजारात हे हल्ली दात ओठ खाऊन बोललं जायचं.

जिन्यात मात्र त्याची थट्टा चालायची, आणि वहिनीचा नवरा त्यात पटाईत. सुट्टीच्या दिवशी ताईंचे म्हातारे वडील जिन्यात खुर्ची टाकून बसले की हा चहाचा कप त्यांच्या नाकाशी धरायचा. "घ्या बाबा." "नको." "घ्या की." "नको रे." की हा कप मागे ओढून सरळ पाठ फिरवायचा, आणि म्हातारा ओरडायचा, "अरे, अजून एकदा राहिलं!" दोघंही ठसका लागेपर्यंत हसायचे.

वहिनीनं ताईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. म्हातारा खुर्चीत बसला होता. अंगात बाहेर जायचा सदरा, पायांत चपला. मांडीवर औषधांची पिशवी, गाठ मारून बांधलेली. त्याला हल्ली नीट ऐकू येत नसे, म्हणून तो दाराकडे डोळे लावून बसला होता.

वहिनीनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"नको म्हणतायत ना त्या?" मागून नवरा म्हणाला. आवाज अगदी समजूतदार. "आग्रह कशाला करतेस? त्यांनी काहीतरी ठरवलं असेल."

तिनं वळून बघितलं. तो कडीवर हात ठेवून उभा होता. कपाळ घामानं भिजलेलं, नजर तिच्याकडे सोडून सगळीकडे. त्याच्यामागे पोरं. कुणी चहाडी केली तर आपल्या पोरांचं काय, हे त्यानं मघाशीच स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगून टाकलं होतं. "विचार. विचारलं नाही तर वाईट दिसेल. पण एकदाच." तेव्हा तिनं मान डोलावली होती, हेही खरंच.

तिला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती, आणि भीती जास्त होती.

"बरं मग, ताई," ती म्हणाली. "काही लागलं तर सांगा."

वहिनीनं दार लावलं, नवऱ्यानं कडी घातली आणि वरचा बोल्टही सरकवला. समोरचं दार लागल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

ताई गच्चीवरून शेजारच्या इमारतीत उतरल्या म्हणून वाचल्या. म्हाताऱ्याला गच्चीवर चढवणं एकट्या बाईला शक्य नव्हतं. तो खोलीबरोबर जळाला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी वहिनीच्या नवऱ्याला विचारलं, तुम्ही शेजारी ना, काही मदत केलीत की नाही?

"विचारलं होतं, साहेब. नको म्हणाल्या."

साहेब वहिनीच्याच लोकांतले. "हे लोक असेच," ते म्हणाले. "यांच्या मनात काय असतं, काही पत्ता लागत नाही." नवऱ्यानं मान हलवली. शब्द न् शब्द खरा होता, कुणाला खोटं बोलावं लागलं नाही.

पुढे एका सकाळी ताई आल्या. आगीतून एक लोखंडी कपाट तेवढं वाचलं होतं आणि त्याची जादा किल्ली वहिनीकडे असायची. वहिनीनं किल्ली आणून दिली. ताई वळणार एवढ्यात तिनं घाईनं म्हटलं, "चहा टाकते, ताई."

"नको."

"घोटभर घ्या की."

"नको."

ताई थांबल्या. निदान वहिनीला तरी तसं वाटलं. तिनं ताईंचा हात धरला, किल्लीसकट.

"तुमच्या पाया पडते, ताई. घ्या."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या, आणि हात सोडवून समोरच्या काळ्या खोलीत गेल्या.

नवरा दाढीचा साबण पुसत आतून आला. "गेल्या का? अगं, चहा तरी विचारायचास."

"विचारलं," वहिनी म्हणाली. "नको म्हणाल्या."